डिस्प्ले बाहेरून बदलला म्हणून बॅटरीची वॉरंटी जाते का?

प्रश्न : मी कोपरखैरणे येथे राहते आणि महापे येथील एका कंपनीच्या हिशेब विभागात नोकरी करते. दहा महिन्यांपूर्वी वाशीच्या एका दुकानातून 31,000 रुपयांना फोन घेतला. चार महिन्यांपूर्वी रिक्षातून उतरताना तो पडला आणि डिस्प्ले फुटला. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने 12,400 रुपये सांगितले, म्हणून मी घराजवळच्या दुकानात 4,500 रुपयांत डिस्प्ले बदलून घेतला. तेव्हापासून फोन सुरू करताना ‘अनोळखी भाग’ असा संदेश येतो आणि बोटाचा ठसा चालत नाही. ते मी चालवून घेतले. पण गेल्या आठवड्यापासून फोन तापू लागला आणि मागचे झाकण एका कडेने उचलले गेले. सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने डिस्प्ले पाहिला आणि ‘बाहेरचा पार्ट आहे, वॉरंटी संपली, पैसे दिलेत तरी आम्ही हात लावणार नाही’ असे सांगून जॉबशीटवर सही मागितली. त्यावर ‘ग्राहकाने दुरुस्ती नाकारली’ असे छापलेले होते, म्हणून सही न करता मी परत आले. माझा अकरावीतला मुलगा म्हणतो, बॅटरी ऑनलाइन मागवून मीच बदलतो. यजमान म्हणतात, एक्स्चेंजमध्ये देऊन नवा घे. माझी चूक झाली का? कंपनीला असे करता येते का? आणि मुलाला फोन उघडू द्यावा का?

उत्तर : ताई, आपल्या प्रश्नांकडे येण्याआधी एक काम आजच्या आज करावयाचे आहे. फोन बंद करा आणि पुन्हा चार्जिंगला लावू नका. झाकण आपोआप उचलले गेले, याचा अर्थ बहुधा आतली बॅटरी फुगली आहे. लिथियम-आयन बॅटरीत पातळ थरांच्या घड्या असतात आणि त्या एका ज्वलनशील द्रवात भिजलेल्या असतात; तो द्रव विघटित होऊ लागला की वायू तयार होतो, आणि फोनमधल्या बॅटरीचे वेष्टन चहूबाजूंनी बंद केलेल्या पाकिटासारखे असल्यामुळे त्या वायूला वाट मिळत नाही व पाकीट पापडासारखे फुगते. झाकण बोटाने दाबून परत बसवण्याचा मोह होतो, तो आवरा, कारण दाबल्याने किंवा टोचल्याने आतले थर एकमेकांना भिडले तर बॅटरी पेट घेऊ शकते. फोन उशीजवळ, कपड्यांच्या कपाटात किंवा पर्समध्ये न ठेवता एखाद्या स्टीलच्या परातीत, फरशीवर, ऊन लागणार नाही अशा जागी ठेवा. दुरुस्तीसाठी तो कुरियरने कोठेही पाठवू नका. फोटोंची प्रत काढायची राहिली असेल तर ती बॅटरी बदलल्यानंतर काढता येईल. त्यासाठी आत्ता फोन सुरू करू नका.

आता आपल्या चुकीविषयी. एकतीस हजारांच्या फोनच्या डिस्प्लेसाठी त्याच्या किमतीच्या चाळीस टक्के रक्कम कोणी सांगितली, तर घरखर्च चालवणारी कोणतीही व्यक्ती दुसरीकडे विचारणारच. त्यात अपराधी वाटून घेण्यासारखे काही नाही. चूक झाली असेल तर ती एवढीच की, काय बसवले जात आहे हे आपण विचारले नाही आणि दुकानदाराने सांगितले नाही. दुरुस्तीच्या बाजारात काच आणि डिस्प्ले मिळून जो जोडभाग येतो त्याला ‘फोल्डर’ किंवा ‘कॉम्बो’ म्हणतात, आणि एकाच फोनसाठी त्याच्या तीन-चार प्रती मिळतात : कंपनीचा मूळ भाग, दुसऱ्या बंद फोनमधून काढलेला मूळ भाग, चांगली नक्कल आणि स्वस्त नक्कल. आपल्या फोनमध्ये बोटाचा ठसा डिस्प्लेवरच घेतला जात असेल, तर 4,500 रुपयांत काय आले असावे याचा अंदाज बांधता येतो. असा ठसा वाचणारा प्रकाशसंवेदक बहुतेक फोनमध्ये ओलेड, म्हणजे ज्याचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो अशा, डिस्प्लेच्या मागे बसवलेला असतो आणि तो डिस्प्लेतून आरपार ‘पाहतो’. स्वस्त नकलेत ओलेडऐवजी एलसीडी असते, तिच्या मागे दिव्याचा अपारदर्शक थर असतो, त्यामुळे संवेदक आंधळा होतो. दुसरी शक्यता अशी की भाग चांगला आहे, पण तो बसवल्यानंतर संवेदकाचे जे कॅलिब्रेशन, म्हणजे नव्या भागाशी जुळणी, करावे लागते त्याचे सॉफ्टवेअर कंपनीने फक्त स्वतःच्या सेंटरना दिले आहे. फोन पुन्हा सुरू झाला की अंधाऱ्या खोलीत पूर्ण काळे चित्र उघडून पाहा : ओलेड असेल तर पडदा खरोखर काळा दिसेल, एलसीडी असेल तर तो राखाडी उजळलेला दिसेल. पहिल्या शक्यतेत तक्रार दुकानदाराकडे करावयाची आहे, दुसरीत कंपनीकडे, आणि या दोन गोष्टींची गल्लत होऊ देणे कंपनीच्या सोयीचे असते.

बॅटरीचेही तसेच आहे. डिस्प्ले बदलताना कारागिराने गरम हवेचा झोत जास्त वेळ दिला असेल, पात्याचे टोक बॅटरीला लागले असेल किंवा चुकीच्या जागी लांब स्क्रू बसवला असेल, तर बॅटरी त्यामुळे बिघडू शकते, आणि तसे असेल तर कंपनी जबाबदारी नाकारते यात काही वावगे नाही. उलट, बॅटरी मुळातच सदोष निघाली असेल तर डिस्प्ले कोणी बदलला याचा तिच्याशी काहीही संबंध नाही. यांपैकी काय घडले हे फोन उघडून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही, आणि सर्व्हिस सेंटरने तो उघडलाच नाही. आपली खरी तक्रार ही आहे. वॉरंटी मिळालीच पाहिजे असा हट्ट धरण्यापेक्षा, तपासणी न करता ती नाकारता कशी, हा प्रश्न विचारणे अधिक बळकट आहे.

भारतात या प्रश्नावरचा सर्वांत उपयोगी आदेश मोबाइलविषयी नसून मोटारींविषयी आहे. एका ग्राहकाने 2011 मध्ये तीन मोटार कंपन्यांविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली की, सुटे भाग आणि दोष शोधण्याची उपकरणे बाहेरच्या गॅरेजांना मिळू दिली जात नाहीत; चौकशी वाढत गेली आणि 25 ऑगस्ट 2014 रोजी आयोगाने चौदा कंपन्यांना मिळून सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. पुढे अपिले झाली, त्यांतील काही कंपन्यांच्या दंडाची रक्कम 2016 मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने कमी केली, परंतु दोषाचा निष्कर्ष कायम ठेवला. दंडाच्या आकड्यापेक्षा आपल्या कामाचे आहे ते त्या आदेशातील वॉरंटीविषयीचे निर्देश : गाडी बाहेर दुरुस्त केली एवढ्या कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. हा आदेश मोबाइल कंपन्यांना थेट बांधत नाही, हे मी स्पष्ट सांगतो. पण ‘जेवढे नुकसान तेवढ्यापुरतेच’ हे तत्त्व कोणत्याही न्यायासनापुढे मांडण्याजोगे आहे, आणि ते परदेशातून उसने आणलेले नाही.

परदेशात मात्र आपल्यासारखेच प्रकरण मोबाइलबाबत घडलेले आहे, म्हणून ते सांगतो. काही वर्षांपूर्वी अ‍ॅपलच्या काही फोनवर सॉफ्टवेअर अद्ययावत केल्यानंतर ‘एरर 53’ असा संदेश येऊन फोन बंद पडू लागले. त्यांतील अनेकांची दुरुस्ती बाहेर झालेली होती. ऑस्ट्रेलियात कंपनीने काही ग्राहकांना सांगितले की, तुम्ही पडदा दुसरीकडे बदलून घेतला असल्यामुळे आता आम्ही काही करू शकत नाही. तेथील ग्राहक आयोग न्यायालयात गेला, आणि जून 2018 मध्ये कंपनीला नव्वद लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. पडदा दुसऱ्याने बदलला एवढ्याच कारणावरून कायद्याने दिलेली हमी संपत नाही, असा त्या प्रकरणाचा निकाल होता. अमेरिकेत ओरेगन राज्याने 2024 मध्ये एक पाऊल पुढे टाकले : नवा भाग मूळ असो वा नसो, कंपनीच्या सॉफ्टवेअरने त्याला ओळख दिल्याशिवाय तो पूर्ण काम करू नये अशी जी कुलूपबंदी कंपन्या करतात, तिलाच तेथील कायद्याने लगाम घातला. युरोपीय संघात 20 जून 2025 पासून बाजारात येणाऱ्या फोनना असे नियम लागू आहेत की, त्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही सात वर्षे ठरावीक सुटे भाग उपलब्ध ठेवावे लागतात, आणि 800 वेळा पूर्ण चार्ज होऊनही बॅटरीची किमान 80 टक्के क्षमता टिकावी लागते. कंपनी तीच आणि बहुतेक वेळा फोनही तोच असताना पॅरिसच्या ग्राहकाला जे मिळते ते कोपरखैरण्याच्या ग्राहकाला का मिळू नये, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर कोणत्याही कंपनीकडून मिळालेले नाही.

आपल्याकडे केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा आराखडा ठरवण्यासाठी समिती नेमली आणि शेतीची अवजारे, मोबाइल व टॅबलेट, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे निवडली. त्याच वर्षी 24 डिसेंबरला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी एक पोर्टल सुरू झाले. त्यावर कंपन्या आपली सेवाकेंद्रे, वॉरंटीच्या अटी आणि सुट्या भागांची माहिती देतात. कोणती वस्तू किती सहज दुरुस्त होते याचे गुण पाकिटावर छापण्याची कल्पना, जी फ्रान्समध्ये 2021 पासून अमलात आहे, तिच्यावरही समिती बसली आणि तिचा अहवाल मे 2025 मध्ये विभागाला मिळाला. हे सारे स्वागतार्ह आहे, पण यात बंधनकारक कायदा कोठेही नाही. म्हणून काउंटरवर उभे राहून ‘राइट टू रिपेअर’ची भाषा करण्याने फारसे साधणार नाही, समोरचा पगारी मुलगा फार तर मॅनेजरला बोलावील.

आपल्या हातात असलेले खरे साधन म्हणजे ग्राहक संरक्षण कायदा, 2019. वस्तूतील दोष, सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा या तिन्ही गोष्टींवर त्या कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. एक बारकावा लक्षात ठेवा : वॉरंटीची अटच अन्यायकारक आहे, म्हणजे करारच अनुचित आहे, असा दावा जिल्हा आयोगापुढे चालत नाही, तो राज्य आयोगापुढे न्यावा लागतो. त्यामुळे अटीशी वाद न घालता ‘तपासणी न करता सेवा नाकारली’ एवढ्यावरच बोट ठेवा. तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी करतो तेथेच तक्रार करण्याची मुभा या कायद्याने दिली आहे, त्यामुळे कंपनीचे मुख्य कार्यालय बेंगळुरूला असो वा गुरुग्रामला, आपल्याला ठाणे जिल्ह्याबाहेर जावे लागणार नाही. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील बंधनकारक नाही, ई-जागृती या पोर्टलवर घरबसल्या तक्रार दाखल होते आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. दोष प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय कळणार नसेल तर आयोग वस्तू तपासणीसाठी पाठवू शकतो. त्याचा खर्च मात्र आधी तक्रारदाराला भरावा लागतो.

तरीही माझे मत विचाराल तर सुरुवातीलाच आयोगाची पायरी चढू नये. बॅटरी बदलण्याचा खर्च दोन-तीन हजारांचा आणि त्यासाठी तारखांना हजर राहण्यात अर्धा पगारी दिवस घालवायचा, हे गणित हिशेब विभागातल्या व्यक्तीला मी काय सांगावे! आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी ई-मेल पाठवावा, आठ-दहा दिवसांत उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी, आणि तिचा नोंदणी क्रमांक पुन्हा कंपनीला कळवावा. अनेक कंपन्या या हेल्पलाइनशी थेट जोडलेल्या असल्याने, काउंटरवर ‘होणार नाही’ असे सांगितलेले काम तेथून हलल्याची उदाहरणे मी या सदराच्या टपालात पाहिली आहेत. ठाणे-मुंबई परिसरात मुंबई ग्राहक पंचायतीचे कार्यकर्तेही मार्गदर्शन करतात. जॉबशीटवर आपण सही केली नाही, हे अतिशय शहाणपणाचे केलेत. ‘ग्राहकाने दुरुस्ती नाकारली’ या एका ओळीने आपली सारी बाजू पाण्यात गेली असती. आता पुन्हा जाल तेव्हा नकाराचे कारण त्यांच्याच शब्दांत, शिक्क्यासह लिहून मागा. लिहून देत नसतील तर आपणच आपल्या ओळीत ‘तपासणी न करता नाकारले’ असे लिहा, तारीख घाला आणि त्याचा फोटो काढा. अर्थात तो घरातल्या दुसऱ्या फोनने.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. सॅमसंगने 2016 मध्ये नोट 7 हा आपला फोन बॅटऱ्या पेटू लागल्यामुळे जगभरातून परत मागवला, आणि त्या बॅटऱ्या रस्त्यावरच्या नव्हेत, नामांकित पुरवठादारांच्या होत्या. तेव्हा कोणत्या बॅटरीवर आपले नाव जाते याची काळजी उत्पादकाला असणे स्वाभाविक आहे. चोरीच्या फोनचे भाग विकले जाऊ नयेत म्हणून भागांना ओळख दिली जाते, हेही खरे. एकदा उघडलेला फोन कडेचा गोंद नव्याने नीट न लावल्यास पाण्याला पूर्वीसारखा तोंड देत नाही, आणि आपल्याकडच्या जुलैत ही बाब लहान नाही. पण सुरक्षिततेची एवढी काळजी असलेली कंपनी, फुगलेली बॅटरी समोर दिसत असताना, पैसे देऊ करणाऱ्या ग्राहकाला तशीच घरी पाठवते, तेव्हा त्या काळजीवरचा माझा विश्वास उडतो. नवा फोन विकला जाण्यात ज्याचा फायदा आहे त्याच्याच हाती जुना दुरुस्त करायचा की नाही हा निर्णय राहू नये.

आता आपल्या चिरंजीवांविषयी. मुलाला हौस आहे याचा मला आनंद वाटतो. मी ठाण्यात वाढलो, जेथे एके काळी मर्फी रेडिओचा कारखाना होता, आणि आमच्या घरातल्या जुन्या रेडिओच्या मागच्या पुठ्ठ्यावर आतल्या बाजूने सर्किटची पूर्ण आकृती चिकटवलेली होती. म्हणजे विकणाऱ्यानेच गृहीत धरले होते की, हा उद्या कोणीतरी उघडणार आहे. आज फोनबरोबर ती आकृती येत नाही, उलट काही कंपन्या अशा स्क्रूंनी तो बंद करतात की घरातला एकही पेचकस त्यांना लागू नये. तरीही फुगलेली बॅटरी हा पहिला धडा होऊ शकत नाही. चांगली बॅटरी काढायचीही तर ती आधी पाव भागापर्यंत उतरवावी लागते, खालची चिकटपट्टी सरळ रेषेत, न तोडता ओढावी लागते, आणि ती तुटली तर पात्याने खरवडण्याचा मोह होतो. तेथेच अपघात होतात. मीही तीन वर्षांपूर्वी माझा फोन जेवणाच्या टेबलावर, व्हिडिओ पाहत पाहत उघडला होता. हेअर ड्रायरने झाकण गरम केले, प्लास्टिकचे पाते आत सरकवले, आणि झाकण पुस्तकासारखे उघडण्याऐवजी वर उचलले. त्याच्याशी जोडलेली कॅमेऱ्याच्या दिव्याची कागदासारखी पातळ पट्टी तटकन तुटली. दोनशे रुपयांचा भाग मिळवायला मला पंधरा दिवस लागले, कारण कंपनी तो सुटा विकत नव्हती. चूक माझीच होती, पण तेव्हापासून मी सांगतो की, दुरुस्तीचा हक्क म्हणजे प्रत्येकाने स्वतःच पेचकस हाती घ्यावा असे नव्हे. आपल्या वस्तूचा कारागीर आपण निवडावा आणि त्याला भाग, माहिती व उपकरणे रास्त किमतीत मिळावीत, हा त्याचा अर्थ आहे. मुलाला घरातला एखादा बंद पडलेला जुना फोन द्या, किंवा कारागिराकडे जाताना बरोबर न्या. समोर बसून काम करणारा चांगला कारागीर अशा मुलाला हाकलत नाही.

कंपनीने शेवटपर्यंत नकार दिला तर बाहेरच बॅटरी बदलावी लागेल, आणि तेव्हा चार गोष्टींची काळजी घ्या. वाशी, नेरूळ किंवा ठाण्याच्या नौपाड्यात काम समोर करून देणारी दुकाने आहेत. फोन ठेवून संध्याकाळी या, असे सांगणाऱ्याकडे देऊ नका. बिल मागा, आणि त्यावर बसवलेल्या भागाचा प्रकार व दुकानाची हमी लिहून घ्या. मागूनही बिल न देणे ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे आणि ती मोठ्या कंपनीइतकीच कोपऱ्यावरच्या दुकानालाही लागू होते. या दुकानांत फोनच्या पाठीवर चिकटवलेल्या कागदावर नऊ टिंबे काढून त्यांतून लॉकचा पॅटर्न रेखून घेण्याची पद्धत आहे, ती साफ नाकारा : बॅटरी बदलण्यासाठी फोनचे कुलूप उघडावे लागत नाही, आणि तपासणीसाठी लागलेच तर बऱ्याच नव्या फोनमध्ये असलेला मेंटेनन्स मोड, म्हणजे आपला खासगी मजकूर झाकून ठेवणारी सोय, वापरा किंवा आपणच समोर उघडून द्या. काम झाल्यावर *#06# दाबून आलेला आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, खोक्यावरच्या क्रमांकाशी ताडून पाहा. काढलेली बॅटरी पुरावा म्हणून हवी असेल तर तिचे पुढून, मागून आणि क्रमांकाचे फोटो पुरेसे समजा. फुगलेली वस्तू पुराव्यापायी घरात सांभाळू नका, अधिकृत ई-कचरा संकलन करणाऱ्याकडे द्या, आणि सोसायटीच्या ओल्या-सुक्या डब्यांपैकी कोणत्याही डब्यात टाकू नका.

यजमानांच्या एक्स्चेंजविषयी एवढेच की, झाकण उचललेल्या फोनला एक्स्चेंजमध्ये जवळजवळ काही मिळत नाही, तर बॅटरी बदललेल्या फोनला बरे मूल्य येते. तेव्हा नवा घ्यायचा ठरला तरी आधी हा दुरुस्त व्हावा.

वॉरंटीचे दोन महिने उरले आहेत, तेव्हा ई-मेल याच आठवड्यात जाऊ द्या. विषयाच्या ओळीत फोनचा आयएमईआय क्रमांक आणि जॉबशीटचा क्रमांक लिहा, खरेदीचे बिल व झाकणाचा फोटो जोडा आणि मजकूर थोडक्यात असा ठेवा :

‘वरील फोन मी अमुक तारखेला खरेदी केला असून तो वॉरंटीच्या मुदतीत आहे. बॅटरी फुगून मागचे झाकण उचलले गेले आहे. अमुक तारखेला आपल्या अधिकृत सेवाकेंद्राने फोन न उघडता, डिस्प्ले अन्यत्र बदलला असल्याच्या कारणावरून वॉरंटी आणि पैसे घेऊन दुरुस्ती अशा दोन्ही सेवा नाकारल्या. डिस्प्लेच्या दुरुस्तीची तक्रार मी करीत नाही. बॅटरीतील बिघाड त्या दुरुस्तीमुळे झाला असे आपले म्हणणे असल्यास फोनची तपासणी करून तसा लेखी व सकारण अहवाल द्यावा. तसे नसल्यास बॅटरी वॉरंटीत बदलून द्यावी. फुगलेली बॅटरी घरात ठेवणे धोक्याचे असल्याने सात दिवसांत उत्तर अपेक्षित आहे. मुदतीत उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे आणि आवश्यक तर ठाणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन.’